चायनीज बदक, व्हाया लातूर

आधी एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण लातूरच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठी लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घ माझ्यावर रुसतात. मागच्या वर्षी मराठी विभागाने लेख मागितला तेव्हा मी सबमिशनचं कारण सांगून पळ काढला होता. यंदा सापडले! विषय काय घेऊ म्हणून विचारलं तर उत्तर आलं, "तुला जे नीट येतं त्यावर लिही." आता मला नीट येणाऱ्या गोष्टी दोनच. एक, परीक्षेच्या आदल्या रात्री पाच युनिट संपवणं. त्यावर लेख लिहिला तर सर लोक वाचतील. दुसरी गोष्ट मी याच हिवाळी सुट्टीत शिकले. घरच्या घरी चायनीज पद्धतीचं बदक करणं. ते शिजवून, तळून, दोन काट्यांनी त्याचे धागे-धागे सोडवतात आणि पातळ पोळीत पातीच्या कांद्याबरोबर गुंडाळून खातात, तेच ते.

हसू नका. मेसच्या पातळ वरणावर जगणाऱ्या माणसाने बदकाचं स्वप्न बघू नये असं कुठल्याही ऑर्डिनन्समध्ये लिहिलेलं नाही.

हे खूळ डोक्यात आलं ते दादामुळे. दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मेकॅनिकल करून 2022 मध्ये मास्टर्ससाठी मँचेस्टरला गेला. पप्पांनी घर तारण ठेवून एज्युकेशन लोन काढलं. तिथून दादाने एकदा या बदकाचा फोटो पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, "इथलं चायनीज. लातूरला मिळणार नाही." तो फोटो मी जपून ठेवला होता. 2025 च्या उन्हाळ्यात दादा परत आला. तिथे मनासारखी नोकरी मिळाली नाही आणि व्हिसाची मुदत संपत आली. घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "मग, आता पुढं काय?" दादा वरच्या खोलीतून खाली येईनासा झाला. बोलणं हो-नाहीवर आलं. जानेवारीत त्याचा वाढदिवस होता. मी ठरवलं, लातूरला मिळणार नाही काय? बघूच!

ही डिश नक्की कुठली?

सुरुवात लायब्ररी आणि इंटरनेटपासून केली (आपण इंजिनिअर लोक, आधी लिटरेचर सर्व्हे). पहिला धक्का इथेच बसला. मला वाटत होतं हेच ते प्रसिद्ध 'पेकिंग डक'. तसं नाही. पेकिंग डक म्हणजे बीजिंगचं भाजलेलं बदक. तिथलं बियेनयीफांग हे घराणं आपली परंपरा 1416 पर्यंत मागे नेतं आणि क्वानज्यूद हे दुसरं प्रसिद्ध हॉटेल 1864 चं. त्यात बदक भट्टीत भाजतात आणि कातडीसकट सुरीने पातळ काप काढतात. काटे लावून धागे काढत नाहीत.

दादाच्या फोटोतलं बदक वेगळं. ते आधी मसाला लावून वाफवतात, मग तळतात आणि मग ग्राहकाच्या समोर काट्यांनी मोडतात. याचं मूळ सिचुआन प्रांतातल्या कुरकुरीत सुगंधी बदकात आहे. पण पोळी, काकडी, पातीचा कांदा आणि गोड काळा सॉस अशा थाटात ते गाजलं ब्रिटनमधल्या चिनी हॉटेलांत, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. म्हणजे ब्रिटिश लोक ज्याला चायनीज समजतात ते बरंचसं ब्रिटनमध्येच घडलेलं आहे. आज तिथल्या सुपरमार्केटमध्ये अर्धं बदक, पोळ्या आणि सॉस असं पाकीट फ्रोझन मिळतं. ओव्हनमध्ये टाकायचं की झालं.

यावर आपण हसायचं कारण नाही. आपल्या गाड्यावरचं मंचुरियन तरी मांचुरियातून कुठे आलंय? कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वाँग मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक करायचे. तिथे 1975 मध्ये त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणला आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं, अशी त्याची गोष्ट सांगतात. आणि आपण ज्याला 'शेजवान' म्हणतो तो शब्द म्हणजे त्याच सिचुआन प्रांताच्या नावाचं जुनं इंग्रजी स्पेलिंग, आपल्या पद्धतीने वाचलेलं. नांदेड-लातूरच्या गाड्यावर मिळणारा लालभडक शेजवान राईस सिचुआनच्या माणसाला दिला तर तो बिचारा विचारेल, हे कुठल्या देशाचं?

थोडक्यात, प्रत्येक गावाने आपापलं चायनीज करून घेतलंय. मग लातूरने का नाही?

बदक आणायचं कुठून?

खरी परीक्षा इथे. बदकांचा मुलुख म्हणजे आसाम, पश्चिम बंगाल, केरळ. जिथे पाणी तिथे बदक. आमच्या लातूरला तर 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. मी तेव्हा लहान होते, पण टँकरमागे घागर घेऊन पळाल्याचं अजून आठवतं. माणसांच्या पाण्याची ही तऱ्हा, तिथे बदकांनी पोहायचं कुठं? नांदेडला गोदावरी आहे, विष्णुपुरीचं धरण आहे, म्हणून मी शोध नांदेडपासून सुरू केला.

चिकनच्या दुकानांत विचारलं. एकाने सरळ सांगितलं, "मॅडम, बॉयलर घ्या, गावरान घ्या, बदकाचा नाद सोडा." मग कुणाच्या तरी ओळखीने एक जण भेटला. शहराबाहेर रस्त्याच्या कडेला गोणपाटात बांधलेली दोन बदकं घेऊन आला. म्हणाला, तळ्यावरची आहेत, ताजी आहेत, जोडी पाचशेला. खरं सांगते, मी पर्स उघडली होती. माझ्याबरोबर माझी रूममेट होती. ती हिंगोलीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "चोच बघ की आधी." काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा रंग आणि बुडाशी दोन लाल ठिपके. जशी हळद-कुंकवाची बोटं लावावीत तसे. म्हणून या पक्ष्याला मराठीत नावच हळदी-कुंकू बदक आहे. ते पाळीव नाही, रानबदक आहे. त्याला पकडणं, मारणं, विकणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर येणारं चक्रवाक असो की इथेच राहणारं हळदी-कुंकू, नियम तोच.

आम्ही नको म्हटलं आणि घाबरून तिथून निघालो. रूमवर आल्यावर वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन केला. तो तिथून निघाल्याबरोबर करायला हवा होता, हे मला अजून टोचतं. कुणी तुम्हाला 'तळ्यावरचं' काही विकायला आलं तर तुम्ही आमच्यासारखा उशीर करू नका.

शेवटी बदक मिळालं ते लातूर जिल्ह्यातच! पप्पांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांचे चाकूरकडचे एक गिऱ्हाईक शेततळ्यात अंड्यांसाठी बदकं पाळतात. खाकी कॅम्पबेल जातीची. ही जात अंड्यांची राणी. अंगावर मांस कमी. मांसासाठी पांढरं पेकिन बदक चांगलं, दोनेक महिन्यांत सव्वादोन-अडीच किलोच्या आसपास भरतं. पण आपल्याला निवडायला वाव नव्हता. त्यांनी अंडी कमी झालेली एक म्हातारी मादी काढून दिली. पप्पांनी पैसे विचारले तर म्हणाले, "पोरीला विचारा, ह्याचं करणार काय ती?"

विकत घेताना दोन गोष्टी बघाच. एक, पक्षी कुठून आला हे माहीत हवं आणि तो टवटवीत हवा. आपल्या राज्याने बर्ड फ्लू जवळून पाहिलाय. 2006 मध्ये नवापूर, 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातलं मुरुंबा, आणि 2025 च्या जानेवारीत आमच्या उदगीरला कावळे मेले ते त्यामुळेच. बदकांच्या अंगात हा विषाणू लक्षणं न दिसताही राहू शकतो. आसपास साथ असेल तर बदकाचा बेत सरळ पुढे ढकला. एरवी मांस आतपर्यंत 70 अंशांच्या वर नीट शिजवलं की हा विषाणू मरतो. कच्चं मांस हाताळल्यावर हात, पाट आणि सुरी साबणाने धुवा. दोन, कापणाऱ्याला शेपटीच्या वरची तेलाची गाठ काढायला सांगा. बदक त्या तेलाने पिसं वॉटरप्रूफ करतं. ती गाठ राहिली तर सगळ्या भांड्याला उग्र वास येतो. त्याच तेलामुळे पिसं पाण्याने भिजत नाहीत, म्हणून कोंबडीपेक्षा जास्त वेळ गरम पाण्यात बुडवून काढावी लागतात. आमच्या चिकनवाल्या भाईंनी पाऊण तास पिसं काढली आणि मग म्हणाले, "ताई, पुढच्या वेळेस दुसऱ्याकडे न्या."

धागे सुटतात कसे?

आता आपला विषय! मांस म्हणजे काय तर फायबर रीइन्फोर्स्ड कॉम्पोझिट. मटेरियल सायन्सला शिकलो तेच. स्नायूंचे लांब तंतू म्हणजे फायबर आणि त्यांना गुंडाळून एकत्र धरणारं कोलॅजन म्हणजे मॅट्रिक्स. नुसतं भराभर तळलं तर तंतू आकसून पाणी बाहेर टाकतात आणि कोलॅजन तसंच चिवट राहतं. मग दात आणि पीस यांची टेन्साइल टेस्ट सुरू होते.

पण तेच मांस ओलाव्यात, 70 अंशांच्या वर, बराच वेळ ठेवलं की कोलॅजन विरघळून जिलेटिन होतं. म्हणजे मॅट्रिक्स गेलं, फायबर उरलं. आता काटा लावला की डीलॅमिनेशन आपोआप होतं. जितका पक्षी म्हातारा तितके कोलॅजनचे बंध पक्के आणि तितका वेळ जास्त. ब्रॉयलरच्या छातीत कोलॅजन फारच कमी, म्हणून ती मऊ लागते खरी, पण जास्त वेळ ठेवली की लाकडाच्या भुशासारखी होते. धागे काढायला मांडीच चांगली.

दुसरा भाग कातडीचा. बदकाच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. थंड पाण्यात तेच त्याचं इन्सुलेशन. वाफवताना ती चरबी वितळून खाली गळते. मग कातडी कुरकुरीत करायची तर ती कोरडी हवी. कारण साधं आहे. कातडीत पाणी आहे तोवर तिचं तापमान 100 अंशांच्या वर फारसं जात नाही, सगळी उष्णता बाष्पीभवनात जाते. आणि तो तपकिरी रंग, तो खमंग वास ज्या रिॲक्शनने येतो ती मेलार्ड रिॲक्शन जोरात चालते साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणून वाफवणं आणि तळणं यांच्या मध्ये वाळवणं. ही मधली पायरी गाळली की सगळं फसतं. माझी फसली होती. गावरान कोंबडीवर ट्रायल घेतली तेव्हा घाईने ओलीच तेलात सोडली. तेल उडालं, मनगटावर डाग अजून आहे आणि कातडी चामड्यासारखी झाली.

मसाला आपल्याच डब्यात

चिनी पंचमसाल्यात काय असतं? चक्रीफूल, बडीशेप, दालचिनी, लवंग आणि सिचुआन मिरी. पहिली चार नावं वाचून आजी म्हणाली, "हे तर आपल्या काळ्या मसाल्याचंच सामान आहे की!" बरोबर आहे. पाचवी सिचुआन मिरी, ती जिभेला मुंग्या आणते. ती नव्हती. पण तिची सख्खी चुलत बहीण आपल्या कोकणात राहते, तिरफळ! कोकणात आणि गोव्यात बांगड्याच्या आमटीत घालतात तेच. दोन्ही एकाच कुळातली झाडं. तिरफळातल्या काळ्या बिया काढून टाकायच्या, टरफल तेवढं घ्यायचं.

सॉसचंही तसंच. त्या गोड काळ्या सॉसला होयसिन म्हणतात, आणि त्याचा पाया आंबवलेलं सोयाबीन. गंमत बघा, लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी राज्यात नावाजलेली. पप्पांच्या दुकानात पावसाळ्याच्या तोंडावर सोयाबीनच्या बियाण्यासाठी रांग लागते. पण आपल्याला सोयाबीन माहीत ते तेल आणि पेंड म्हणून. सॉसची बाटली मात्र आपण गंजगोलाईतून, बाहेरून आलेली, विकत आणतो. ज्या मातीत कच्चा माल पिकतो तिथेच पक्का माल परका, हे फक्त आयटीतच होतं असं नाही.

प्रत्यक्ष कृती

आमच्या घरात मटण-कोंबडी स्वयंपाकघरात शिजत नाही. मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळी भांडी. आजीचा नियम आहे. बदक ऐकल्यावर ती म्हणाली, "ते पाण्यातलं पाखरू माझ्या तुळशीपासून लांब ठेव, बाई." सोमवार, गुरुवार, एकादशी टाळून रविवार मिळाला. तर लिहून घ्या.

शनिवारी रात्री: साफ केलेलं बदक (आमचं जेमतेम 900 ग्रॅम भरलं) उभं दोन भागांत कापून घ्या. दोन चमचे मीठ, दोन चमचे पंचमसाला, एक चमचा किसलेलं आलं आणि दोन चमचे सोया सॉस सगळीकडे चोळा. झाकण न ठेवता फ्रिजमध्ये, सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा.

रविवारी सकाळी: मोदकपात्रात पाणी उकळा. जाळीवर ताटली, त्यात पातीचा कांदा आणि आल्याच्या चकत्या, त्यावर बदक. मंद आचेवर वाफवा. कोवळं बदक दोन तासांत होतं, आमच्या आजीबाईंना पावणेतीन तास लागले. पाणी आटतंय का बघत राहा. टांग हलवून पाहिली की सांध्यातून सैल झाली पाहिजे. कुकर वापरायचा असेल तर आत पाणी आणि डब्यात बदक ठेवून मंद आचेवर पाऊण तास. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या जवळ जातं म्हणून वेळ वाचतो. ताटलीत गळलेली चरबी टाकू नका, तळायच्या तेलात घाला.

दुपारी: बदक अलगद उचलून स्वच्छ फडक्याने टिपा आणि पंख्याखाली जाळीवर तासभर ठेवा. कातडी हाताला कोरडी लागली पाहिजे.

जेवणाच्या आधी: कढईत तेल तापवा. लाकडी उलथन्याचं टोक बुडवल्यावर भोवती भराभर बुडबुडे आले की समजा 180 अंशांच्या आसपास आहे. एकेक अर्धा भाग कातडीची बाजू खाली करून सोडा, सात-आठ मिनिटं, मध्ये एकदा उलटा. गडद तपकिरी झालं की बाहेर.

सॉस: चार चमचे सोया सॉस, तीन चमचे किसलेला गूळ, एक चमचा व्हिनेगर, चार पाकळ्या लसूण वाटून, दोन चमचे भाजलेल्या तिळाचं कूट, चिमूटभर पंचमसाला, थोडं तिखट. अर्धी वाटी पाणी घालून दाट होईपर्यंत उकळा. हे होयसिन नाही, पण त्याचा लातुरी मावसभाऊ आहे.

पोळी: दोन वाट्या मैद्यात साधारण पाऊण वाटी उकळतं पाणी घालून चमच्याने हलवा, कोमट झाल्यावर मळा. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि ग्लूटेनची ओढ कमी होते, म्हणून पोळी मऊ राहते, गुंडाळताना तुटत नाही. मोदकाची उकड काढतो त्यातलंच तत्त्व. अर्धा तास झाकून ठेवा. दोन छोट्या लाट्या, मध्ये तेल लावून एकावर एक ठेवा आणि एकत्र लाटा. तव्यावर फुगली की दोन पदर वेगळे करा. मम्मीने पहिलीच पोळी अशी सोडवली की मी बघत राहिले. तिला उकळतं पाणी सोडलं तर यात नवं काहीच नव्हतं.

सोबत: काकडी आणि पातीचा कांदा, काडीसारखे बारीक, लांब चिरून.

चार मिनिटं वीस सेकंद

अंगणात सगळे बसले होते. दादालाही मी ओढून खाली आणलं होतं. मी दोन काटे घेतले आणि बदक मोडायला लागले. अर्धं ताटाबाहेर उडालं. काटा हाडात अडकला. दादा बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आण इकडे."

मी मोबाईलवर वेळ लावली, कारण मला कृतीत मिनिटं लिहायची होती. त्याने दोन्ही काटे पाठीला पाठ लावून मांसात खुपसले आणि बाजूंना ओढले. मांडीचं हाड स्वच्छ बाहेर आलं. मग छाती, मग पंख. कातडी काट्याच्या कडेने चुरून मांसात मिसळली. बारीक हाडं बोटांनी न बघता वेचली. चार मिनिटं वीस सेकंदांत दोन्ही अर्धे भाग संपले, ताटात धाग्यांचा ढीग आणि बाजूला हाडांची रास.

पप्पा म्हणाले, "हे तू आधी केलेलं आहेस."

दादा काहीच बोलला नाही. मग ताटाकडे बघतच म्हणाला, "शुक्रवार-शनिवार. संध्याकाळी पाच ते रात्री बारा. एका टेकअवेच्या किचनमध्ये. गर्दी असली की तीस-पस्तीस बदकं व्हायची."

आम्हाला घरी माहीत होतं की तो कॉलेजमध्ये रिसर्च असिस्टंट आहे. मम्मीने तसं सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं.

"आणि ते रिसर्चचं?" पप्पांनी विचारलं.

"ते नव्हतंच, पप्पा. भाड्याचे पैसे यातून निघायचे. तुम्हाला सांगायला..." पुढचं वाक्य त्याने पूर्ण केलं नाही.

अंगणात कुणीच काही बोलेना. मला वाटलं, झालं, मी वाढदिवसाची वाट लावली. पप्पा रागावले की आधी गप्प होतात, म्हणून मी त्यांच्याकडे बघायचंही टाळलं. ते ताटाजवळ सरकले, एक धागा उचलला, लगेच खाली टाकला आणि बोटांवर फुंकर घातली. म्हणाले, "केवढं गरम आहे रे. बोटं भाजत नव्हती का तुझी?"

दादा म्हणाला, "पहिले दोन महिने भाजायची."

पप्पांनी पोळी घेतली, सॉस लावला, कांदा, काकडी, बदक ठेवून गुंडाळली. जरा जाडच झाली, ज्वारीच्या भाकरीत पिठलं घालतो तशी. आणि ती दादाच्या हातात दिली. त्या रात्री दादा दीड तास बोलला. किचनमधल्या चिनी मालकाबद्दल, बर्फात शेवटची बस चुकल्याबद्दल, आठवड्याला 20 तासांच्या वर काम करता येत नाही म्हणून हिशोब कसा बसवायचा त्याबद्दल. आजीने बदकाला हात लावला नाही, पण पोळीला सॉस लावून दोन खाल्ल्या आणि चिंच कमी आहे म्हणाली.

आपल्यातले बरेच जण जीआरई, आयईएल्टीएसच्या मागे आहेत. जरूर जा. फक्त घरी फोन करताना हेही सांगा. आणि घरच्यांना, म्हणजे हा अंक सुट्टीत घरी नेणार असाल तर, एवढंच सांगते की परत आलेल्या मुलाला "आता पुढं काय" सोडून दुसरंही काही विचारता येतं. मी स्वतः सहा महिने त्याला काहीच विचारलं नव्हतं. मला तर, खरं सांगायचं तर, त्याच्या लोनमुळे माझा लॅपटॉप लांबला याचाच राग होता.

हॉस्टेलवाल्यांसाठी

रूममध्ये शिजवायला बंदी आहे, हे रेक्टर मॅडम वाचतील म्हणून स्पष्ट लिहिते. सुट्टीत घरी करा. बदक नाही मिळालं तर गावरान कोंबडीच्या मांड्या घ्या, वाफवायला दीड तास पुरे. शाकाहारी मंडळींनी धिंगरी मशरूम घ्यावं. ते हाताने उभं फाडलं की आपोआप धागे होतात. कढईत कोरडंच परतून पाणी आटवायचं, मग थोड्या तेलात पंचमसाला घालून कुरकुरीत करायचं. माझी हिंगोलीची मैत्रीण माळकरी घरातली आहे. तिने हे केलं आणि बदकापेक्षा चांगलं झालं असा तिचा दावा आहे. बदक तिने खाल्लेलं नाही हा भाग वेगळा.

दादा सध्या पुण्यात इंटरव्ह्यू देतोय. हा लेख छापायला देण्याआधी त्याला फोनवर वाचून दाखवला, कारण गोष्ट त्याची आहे. नको म्हणाला असता तर नुसती कृती दिली असती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एक राहिलं. गरम असतानाच मोडायचं हे लिही. गार झालं की जिलेटिन परत घट्ट होतं, धागे चिकटतात आणि मग कितीही ओढा, तुकडे पडतात."

लिहिलं, दादा.